सुएआजींची टाच

"‘किळस येते,’" हाताकेदाने कागदावरून वाचून दाखवलं. "पुढचा. ‘रात्री डोळ्यांसमोर येते.’ पुढचा. ‘थोडी भीती वाटते, क्षमा असावी.’ हिने निदान क्षमा तरी मागितलीय."

टेबलाभोवती बसलेले हसले. चिझुरु मुकाई हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला राग गिळून चहाच्या कपाकडे बघत बसायचं चांगलं जमतं. कपातला जवाचा चहा केव्हाच गार झाला होता.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती बसली होती जिच्याबद्दल हे सगळं लिहिलं होतं. बसली होती म्हणजे पलंगाला टेकवून ठेवली होती. शहाऐंशी वर्षांची कियोसान. जगात अशी बाई नव्हती, ती कॉम्प्युटरमध्येच जन्मली होती. वृद्धाश्रमात सेवा करायला येणाऱ्या नव्या बायकांना टॅब्लेटवर तिची शुश्रूषा करून शिकता यावं म्हणून आमागासाकीतल्या या छोट्याशा कंपनीने तिला घडवलं होतं. तिला कुशीवर वळवायचं, पुसायचं, अंगावर कुठे लाली दिसते का ते बघायचं. लाली दिसली तर तिथे बोट ठेवून तीन आकडे मोजायचे. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडली तर काळजी नाही. लाल तशीच राहिली तर बेडसोरची सुरुवात, ताबडतोब नर्सला सांगायचं. कियोसानची पातळ कातडी, हातावरचे डाग, कोपराच्या सुरकुत्या, सगळं चिझुरुने केलं होतं. त्यात तिची तीन वर्षं गेली होती.

"एकतीस शिकाऊ बायकांपैकी बावीस जणींनी असं लिहिलंय," हाताकेदा म्हणाला. तो एक्केचाळीस वर्षांचा, फोनवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीतून वर्षापूर्वी इथे प्रमुख म्हणून आलेला. "म्हणून म्हणतो, आपण ॲनिमेचा बाज देऊन बघू. मोठे डोळे, लहानसं नाक, स्वच्छ रंग. कियोसान गोड दिसायला हवी."

"आजारी म्हातारी गोड कशाला दिसायला हवी?" चिझुरुने विचारलं.

"कारण माणूस गोड गोष्टीकडे बघतो, मुकाईसान. नकोशा गोष्टीवरून नजर काढून घेतो. तुमची कियोसान इतकी खरी आहे की कोणी तिच्याकडे बघतच नाही. मग शिकणार काय?"

हे तिला पटलं आणि म्हणून जास्तच राग आला.

"दोन महिने प्रयोग म्हणून करा," तो म्हणाला. "तुमच्याइतकं हे कोणाला येणार? तुम्ही तर हाताने सेल रंगवलेत."

ते खरं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती ओसाकातल्या एका पोटमाळ्यावर कार्टूनच्या पारदर्शक तावांवर, म्हणजे सेलवर, रंग भरायला बसली होती. रोज तीस-चाळीस ताव. मोठ्या डोळ्यांच्या मुलींचे गाल, केस, गुडघे. पुढे ते तावही गेले आणि तो पोटमाळाही. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस तिला परत तिथेच बसवत होता, आणि वर कौतुक केल्यासारखं बोलत होता.

दुपारी ती जेवायला खाली उतरली आणि भाताच्या ओनिगिरीचा एक घास घेऊन बाकीची तशीच पिशवीत टाकली.

राग नुसत्या तीन वर्षांच्या मेहनतीचा नव्हता. कियोसान काही हवेतून आली नव्हती. तिचं अंग सुए उचिकोशी या बाईंचं होतं, आणि त्या बाई चांगल्या हयात होत्या.

सुएआजींनी चाळीस वर्षं गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर सांभाळलं होतं. मधल्या उंच बैठकीवर बसायचं, डावीकडे बाप्ये, उजवीकडे बाया. सगळी गल्ली त्यांच्यासमोर कपडे काढायची. रोखून बघायचं नाही ही तिथली रीत, आणि बघितल्याशिवाय राहायचं नाही ही आजींची. कोणाला दिवस गेलेत, कोणाचा नवरा हात उगारतो, कोणाच्या पाठीवरचं मांस उतरत चाललंय, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. मग टॉवेल देताना हळूच सांगायच्या. एकदाच त्या गप्प बसल्या. तोफूवाल्याच्या बायकोची पाठ पिवळी दिसली, पण शेजारी सून उभी होती, म्हणून उद्या सांगू म्हणाल्या. त्यानंतर ती बाई आलीच नाही. तीन महिन्यांनी तिच्या दुकानाला मयताचे पांढरे-काळे पडदे लागले.

हे त्यांनी चिझुरुला फोटोंच्या दिवशी सांगितलं होतं. मुको नदीकाठच्या वृद्धाश्रमात आजी तेव्हा दिवसापुरत्या जायच्या. कंपनीला फोटोंसाठी म्हाताऱ्या माणसाचं अंग हवं होतं आणि कोणीच तयार नव्हतं. आजी म्हणाल्या, माझं घ्या. हॉलमध्ये चाळीस कॅमेऱ्यांचं कडं उभारलं होतं. आजींनी अंगावरचा झगा सोडून खुर्चीवर घडी घालून ठेवला आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. फोटोवाला लाजून वर बघायला लागला.

"अरे बाबा, छताचे फोटो काढायचेत का माझे?" आजी ओरडल्या.

मग चिझुरुकडे वळून म्हणाल्या, "हे बघ पोरी, हे अंग गेल्या तीस वर्षांत कोणी धड बघितलेलं नाही. त्या मुलींना यावरून बघायला शिकव. मला सुंदरबिंदर करू नकोस हं. सुंदर बायका मी पुष्कळ बघितल्या, त्यांचं काही कळत नाही."

चिझुरुने शब्द दिला होता. आता हाताकेदाला ते सांगून उपयोग नव्हता. त्याच्या कागदावर सुए उचिकोशी नावाचा रकानाच नव्हता.

पहिले तीन आठवडे तिने काम केलं ते दात ओठ खाऊन. खऱ्या कातडीच्या चेहऱ्यावर तिने डोळे तेवढे मोठे केले. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. पडद्यावर जे उभं राहिलं ते बघून शेजारचा नागुरा खुर्चीसकट मागे सरकला.

"मुकाईताई, हे बघून मी म्हातारा व्हायचं रद्द केलंय."

"दाखव जाऊन तुझ्या साहेबाला. म्हणावं, गोड आहे का बघा."

"मुद्दाम वाईट करताय ना?"

"गप बस आणि आपलं काम कर."

मुद्दामच करत होती. पण हात एकदा कामाला लागला की किती दिवस वाईट करणार? चौथ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की वरून काही चिकटवून हे व्हायचं नाही, इथे काढून टाकायला लागतं. नाक काढलं, त्याच्या जागी सावलीचा एक बारकासा त्रिकोण ठेवला. खरा उजेड म्हाताऱ्या चेहऱ्यावर पडला की ठिगळं ठिगळं दिसतात, म्हणून तिने कॉम्प्युटरला फसवलं. हा चेहरा नाही, गुळगुळीत अंडं आहे असं त्याला सांगितलं, की सावली एका रेषेत पडते. उजेडाला एक रंग, सावलीला एक रंग, मधलं काही नाही. कियोसानच्या चेहऱ्यावर चारशेच्या वर सुरकुत्या होत्या. त्यातल्या तीन ठेवायच्या. कुठल्या तीन? या प्रश्नात ती आठ दिवस अडकली, आणि त्या आठ दिवसांत आपण रागावलोय हे ती साफ विसरली.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळं जमलं होतं, तरी काहीतरी कमी होतं. चेहरा प्रेमळ होता, पण अंग मातीचं वाटत होतं. चिझुरुने ब्रश घेतला आणि कोपरांवर, खांद्यांवर, बोटांच्या टोकांना, गुडघ्यांना आणि टाचांना मऊ कडेचा गुलाबी रंग लावला. या धंद्यातला कोणीही लावतो. कोणाला सांगायला लागत नाही. पोटमाळ्यावरच्या बाया तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, हाड जिथे कातडीजवळ येतं तिथे गुलाबी लाव, मुलगी जिवंत होते. कियोसानही झाली.

"कावाईऽऽ! कित्ती गोड!" हिशेबाच्या टेबलावरची बाई किंचाळली. सगळे गोळा झाले. हाताकेदाने कमरेत वाकून नमस्कार केला. नागुराने फोटो काढला.

चिझुरुला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. घरी जाताना तिने स्वतःसाठी ईल माशाचा डबा घेतला आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

नवी कियोसान चौदा वृद्धाश्रमांत गेली. "भीती वाटते" असं एकीनेही लिहिलं नाही. "आजी फार गोड आहे, तिला रोज भेटावंसं वाटतं," असं लिहून आलं. हाताकेदाने ते कागद भिंतीवर लावले. सुएआजींना दाखवायचं चिझुरु आज उद्या करत राहिली. फोनवर बोलताना एकदाही तिने विषय काढला नाही.

फेब्रुवारीत आजी घराच्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्या नदीकाठच्या त्याच वृद्धाश्रमात राहायला गेल्या. चिझुरु मार्चमध्ये संत्री घेऊन भेटायला गेली तेव्हा त्या उताण्या पडल्या होत्या, आणि तोंड मात्र चालू होतं.

"आलीस? ये. ती पिशवी तिथं ठेव. आधी माझ्या पायाला काय झालंय बघ. चार दिवस डाव्या टाचेत निखारा ठेवल्यासारखं होतंय."

"कोणाला सांगितलंत का?"

"सांगितलं की. ती सुहार्ती आहे ना, जावाहून आलेली, गुणी पोरगी आहे, तिने बघितलं. म्हणाली ठीक आहे. ठीक आहे तर दुखतं कशाला?"

चिझुरुने पांघरूण वर केलं. टाचेवर मोठ्या नाण्याएवढा लाल डाग होता. तिने तो लांबूनच ओळखला, कारण असा डाग तिने स्वतः कितीदा केला होता. बेल दाबून तिने नर्सला बोलावलं.

साकाने नावाची नर्स आली, पन्नाशीची, धिप्पाड. तिने बोट टेकवलं, तीन मोजले, बोट उचललं. जागा लाल ती लालच. तिने दारातूनच हाक मारली, "सुहार्तीसान! इकडे या."

सुहार्ती छत्तीस वर्षांची होती. दोन मुलं आईकडे ठेवून आली होती. डोक्याचा रुमाल सारखा करत ती घाईने आली.

"हे कधीपासून आहे?"

"सोमवारपासून."

"आणि मला सांगितलं नाही? बोट लावून बघायला शिकवलंय ना तुम्हाला?"

"मी बघितलं," सुहार्ती म्हणाली. "रोज बघितलं. दाबलं, तीन मोजले. रंग गेला नाही."

"गेला नाही आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गेला नाही म्हणजे ठीक ना?" सुहार्तीने गोंधळून दोघींकडे बघितलं. "कियोसानची टाच पण अशीच असते. दाबलं तरी रंग जात नाही."

"कसली कियोसान? काय बोलताय तुम्ही?" साकानेचा आवाज चढला. "माणसाच्या पायाला भोक पडायची वेळ आलीय आणि तुम्ही चित्रातल्या बाईच्या गोष्टी सांगताय?"

सुहार्तीने कोपऱ्यातला टॅब्लेट आणला. कियोसान गोड हसत होती. सुहार्तीने तिला वळवलं, पाय मोठा केला आणि गुलाबी टाचेवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. बोट उचललं. गुलाबी रंग तसाच होता. पडद्यावर एक फूल उमललं आणि खाली अक्षरं आली, ‘छान! काही त्रास नाही.’

चिझुरुला सगळं लख्ख कळलं. बेडसोरची लाली दाबल्यावर कशी वागते हे कॉम्प्युटरला शिकवलेलं होतं. तिने वरून लावलेला गुलाबी नुसता रंग होता, त्याला काहीच शिकवलेलं नव्हतं. दाबा, नका दाबू, तो तसाच राहणार, आणि बेडसोरच्या यादीत नाही म्हणून कॉम्प्युटर फूल देणार. सहा महिने चौदा वृद्धाश्रमांत बायका रोज टाच दाबत होत्या आणि उलटं शिकत होत्या. त्यासुद्धा नेमक्या कोपर, खांदा आणि टाच या जागी, जिथे पडून राहिलेल्या माणसाला आधी बेडसोर होतात.

साकाने बोलत राहिली. सुहार्ती मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणत राहिली, आणि तिच्या नाकावरून पाण्याचा थेंब टॅब्लेटवर पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर तिथेच पिशवीतली संत्री नीट लावत उभा होता. चिझुरुच्या तोंडून शब्द फुटला नाही. राग आला होता, भयंकर आला होता, पण तो इथे काढायचा नाही, ज्याच्यावर काढायचा तो स्टेशनजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसलाय, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती निघाली.

"कुठं चाललीस?" आजींनी विचारलं. तिने ऐकलं नाहीसं केलं.

हाताकेदा भिंतीवर नवा कागद लावत होता. चिझुरुने बूटही न बदलता त्याच्यासमोर जाऊन सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. चेहरा जरा उतरला, हे खरं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "खाली एक ओळ टाकू. ‘प्रत्यक्षातील त्वचेचा रंग वेगळा असू शकतो.’"

"ओळ?" चिझुरु ओरडली. या ऑफिसात तिचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. "त्या म्हातारीचा पाय सडेल आणि तुम्ही ओळ टाकणार? गोड पाहिजे, गोड पाहिजे म्हणून डोकं खाल्लंत माझं! घ्या आता, झाली गोड! इतकी गोड झाली की टाच पेटली तरी ती फुलं वाटतेय! त्या बाया नजर काढून घेत होत्या तेव्हा बऱ्या होत्या. किळस आली तरी खरं ते बघत होत्या. मी त्या बाईला शब्द दिला होता, सुंदर करणार नाही म्हणून. तुम्ही माझ्याकडून तो मोडवलात!"

हिशेबाच्या टेबलावरची बाई उभी राहिली होती. नागुरा कीबोर्डकडे बघत होता.

हाताकेदा खुर्चीत बसला. त्याने कामाची नोंद उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"मोठे डोळे मी सांगितले," तो म्हणाला. "नाक मी सांगितलं. स्वच्छ रंग मी सांगितला. हे बघा, सगळं लिहिलेलं आहे. गुलाबी कोणी सांगितला, मुकाईसान?"

तिने नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. गुलाबी कुठेच नव्हता.

"मला वाटलं, तुम्ही विचार करून लावला असेल. बेडसोर कुठे होतात ते इथे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

तो टोमणा नव्हता. तोच तर त्रास होता. टोमणा असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. पोटमाळ्यावरच्या त्या बायांना दोष द्यावा तर त्यांनी शिकवलं ते सोळा वर्षांच्या मुलींचे गुडघे रंगवायला. म्हातारीच्या टाचेला तो रंग लावल्यावर तीस वर्षांत मिळाली नव्हती तेवढी शाबासकी मिळाली आणि तिने तेवढ्यावर डोळे मिटले. रागाला आता जायला बाहेर जागा उरली नाही.

"सगळीकडचं आज बंद करा," ती म्हणाली.

"बंद केलं तर कारण द्यायला लागेल. कोणामुळे झालं तेही."

"माझं नाव द्या."

मग त्याने चौदा ठिकाणी पत्र लिहिलं, आणि तिचं नाव खरंच दिलं. तिनेही तेच सांगितलं होतं, तरी वाचताना तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती परत नदीकाठी गेली. माफी मागायला जाताना न्यायचा असतो तसा मिठाईचा खोका कागदात बांधून घेतला होता. साकाने आणि सुहार्ती आजींचा पाय उशीवर ठेवत होत्या, टाच हवेत राहील अशी. चिझुरुने खोका दोन्ही हातांनी पुढे केला आणि सगळं सांगितलं. काहीच मागे ठेवलं नाही. आजींचं अंग, कियोसान, डोळे, नाक, शेवटचा गुलाबी. साकानेने डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला.

"मिठाई?" सुएआजी म्हणाल्या. "टाचेला लावू का ती?"

"आजी, मी..."

"डोळे मोठे केलेस, कर. नाक उडवलंस, उडव. तसंही माझं नाक नवऱ्याला कधी आवडलं नाही. टाच कशाला रंगवलीस?"

"छान दिसावी म्हणून."

"कोणाला?"

चिझुरुने पुढे केलेला खोका खाली ठेवला.

"ही पोरगी काल इथं उभी राहून रडली," आजी म्हणाल्या. हसू गेलं होतं आणि आवाज खाली आला होता. "तू कुठं होतीस?"

"इथेच होते."

"तेच म्हणते मी. इथेच होतीस."

कालपासून इतक्या जणांशी इतकं बोलणं झालं होतं, पण चिझुरुला लागलं ते एवढंच. ती सुहार्तीकडे वळली आणि कमरेत पूर्ण वाकली. "तुम्ही बरोबर शिकलात. मी चुकीचं शिकवलं. काल इथे उभी असून मी गप्प बसले." सुहार्ती घाबरली आणि तिच्याहून खाली वाकली.

"पुरे, पुरे. डोकी आपटाल एकमेकींची," आजी म्हणाल्या. "साकानेसान, तुमच्याकडे त्या चित्रावर शिकलेल्या आणखी किती आहेत?"

"दोघी."

"बोलवा त्यांना."

"आजी, टाच नाजूक झालीय. सारखं दाबून चालणार नाही."

"दाबू नका, टेकवा म्हणावं. टाच माझी आहे का तुमची?"

साकाने जरा घुटमळली आणि मग बोलवायला गेली. दोघी आल्या, एप्रनला हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या. आजींनी भिंतीकडे तोंड करून कूस बदलली, त्यात त्यांना चांगलाच त्रास झाला, आणि पाय पांघरुणाबाहेर काढला. बारीक, निळ्या शिरांचा, नखं वाकडी झालेला पाय. सुहार्ती आधी पुढे झाली.

"हलकेच, एकदाच," साकाने म्हणाली.

"एक, दोन, तीन," आजी दात आवळून मोजत होत्या. "उचल. काय दिसतं?"

"लाल."

"म्हणजे?"

"म्हणजे ठीक नाही. लगेच सांगायचं."

"आता उजवी बघ."

उजव्या टाचेवर बोटाएवढी जागा पांढरी पडली आणि बघता बघता भरून आली. सुहार्तीने मान डोलावली, आणि मग आपण होऊन उजव्या टाचेवर पुन्हा एकदा बोट ठेवून बघितलं. दुसरी आली. तिच्या मागोमाग तिसरी आली. आजींच्या मानेवर घाम आला होता, पण प्रत्येकीला त्यांनी काय दिसतं ते विचारलं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सोडलं नाही.

"झालं ना सगळ्यांचं?" साकानेने पांघरूण उचललं.

"ती राहिली," आजी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

चिझुरु पलंगाजवळ गुडघ्यावर बसली. या टाचेची प्रत्येक भेग तिला पाठ होती. चाळीस कॅमेऱ्यांतून तिने ती बघितली होती, तीन वर्षं घडवली होती आणि एका दुपारी रंगवली होती. हात मात्र एकदाही लावला नव्हता. तिने बोट टेकवलं. टाच गरम होती. इतकी गरम असेल असं तिला वाटलं नव्हतं.

या खेपेला आजींनी मोजलं नाही. तिने मनात तीन मोजले आणि बोट उचललं.

"काय दिसतं?"

चिझुरु काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. मला तिकडचं दिसत नाही."

"लाल आहे, आजी," चिझुरु म्हणाली. "तसंच आहे. गेलं नाही."